सारायेव्होहून अहमिची आणि त्राव्निक : एका दिवसाची गाडी, गाइडसकट

पस्तीस वर्षं एसटीत काढली, शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळं दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझं लक्ष खिडकीबाहेर नसतं, ड्रायव्हरच्या पायाकडं असतं. लेक म्हणते, "पप्पा, तुम्ही सहलीला आलाय, तपासणीला नाही." तरी हे लिहितोय ते तपासणीसारखंच होणार, आधीच सांगतो. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली एकदोन तक्रारी आहेत. सारायेव्होच्या जुन्या बाजारात अशी सेवा देणाऱ्या चार-पाच कंपन्या आहेत, आणि दौरा साधारण सगळीकडं असाच आहे.

बोस्निया कशाला, असं कोल्हापुरात सगळ्यांनी विचारलं. लेक व्हिएन्नाला नोकरीला आहे, तिथून सारायेव्होचं विमान तासाभराचं, आणि शेंगेनचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा होता त्यावर काम झालं. हे वरवरचं कारण. खरं कारण आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर होतं. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. १९९२ साली युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते मराठा रेजिमेंटचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रवाले. वडिलांनी पेपरातला त्यांचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि वर्षभर बोस्नियाची बातमी आली की आम्हाला गप्प करून रेडिओ ऐकायचे. मार्च १९९३ मध्ये नंबियार साहेब वर्षभराची मुदत संपवून परत आले. वडिलांनी रेडिओ बंद केला, "आता आपलं कोण नाही तिथं" म्हणाले. पुढच्याच महिन्यात अहमिची घडलं : बोस्नियातल्या या खेड्यात एका पहाटे ११६ मुसलमान मारले गेले. ते नाव आमच्या घरात कधी कुणी उच्चारलंही नसेल. मला ते समजलं व्हिएन्नात, लेकीच्या सोफ्यावर बसून, सहल ठरवताना.

दोघांचे मिळून १६० युरो. त्यात गाडी, डिझेल, टोल आणि इंग्रजी बोलणारा गाइड, जेवण आपलं आपण. सकाळी आठची वेळ दिलेली, गडी सात छप्पन्नला हजर. हे मी मुद्दाम लिहितो, कारण उरलेल्या युरोपात मला फक्त रेल्वेच वेळेवर भेटली. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया, डिझेल, टायर नवे, पुढच्या काचेला एक बारीक तडा, सीटबेल्ट चारही चालू. गाइडच ड्रायव्हर. मला हे सहसा पटत नाही. घाटात माणसानं एक तर गाडी चालवावी नाहीतर इतिहास सांगावा. पण या गड्याची रीत चांगली होती. बोलताना तो वेग उतरवायचा आणि वळणावर वाक्य अर्धं सोडून द्यायचा. वळण संपलं की पुढचा शब्द.

शहराबाहेर पडताना वोगोश्चा लागतं. युद्धाच्या आधी इथं फोक्सवॅगनची गोल्फ गाडी तयार व्हायची, १९९२ ला कारखाना बंद पडला. गाइडच्या वडिलांची तिथलीच गोल्फ टू होती म्हणे आणि ती अजून चालते. यावर आमची वीस मिनिटं गेली, त्यांचा हिशेब लेकीनं नंतर मागितला.

पुढं हायवेला लागल्यावर एक गंमत सुरू झाली. तो दुकानाकडं बोट दाखवून "दुचान" म्हणाला. मी म्हटलं, आमच्यात दुकान. मग धडाका लागला. बदामाला बादेम, साबणाला सापुन, खबरीला हाबेर. तुर्कांबरोबर त्यांच्याकडं गेलेले शब्द, आणि फारसीतून वगैरे आमच्याकडं आलेले. तो एक सांगायचा, मी एक सांगायचो, लेक मागं बसून हसत होती. शेजाऱ्याला काय म्हणता, मी विचारलं. "कोमशिया." तो काही जुळला नाही. मग त्यानं विचारलं, एनिमीला तुमच्यात काय? मी म्हटलं, दुश्मन. तो म्हणाला, "दुश्मन. सेम." आणि खेळ तिथंच थांबला. कुणी थांबवला नाही, पुढचा शब्द सुचला नाही एवढंच.

लाश्वाच्या फाट्याला हायवे सोडायचा. टोल भरला की नदीच्या कडेनं दुपदरी रस्ता. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, गवताच्या गंज्या, प्लॅस्टर न केलेल्या लाल विटांची घरं. पाऊस नुकता पडून गेलेला. राधानगरीकडं जाताना दिसतो तसाच मुलूख, फक्त ऊस नाही. काओनिकच्या तिठ्यावर डावीकडं बुसोवाचा, सरळ वितेझ. मी नियंत्रकाच्या नजरेनं बघितलं तर सगळी गोष्ट रस्त्याचीच आहे. हा रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात खोरं. गाइडनंही तिथूनच सुरुवात केली, म्हणून त्याला पहिला गुण.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. १९९२ ला सर्बांच्या फौजांविरुद्ध इथले क्रोएट (हे कॅथलिक) आणि बोस्नियाक (तेव्हा खानेसुमारीत त्यांना मुसलमानच म्हणायचे) एका बाजूला होते. जानेवारी १९९३ मध्ये व्हान्स आणि ओवेन या आंतरराष्ट्रीय मध्यस्थांनी देशाचे दहा प्रांत पाडायचा नकाशा काढला आणि त्यात त्राव्निकचा प्रांत क्रोएटांकडं दाखवला. नकाशावर सगळ्या बाजूंच्या सह्या व्हायच्या आधीच क्रोएटांच्या फौजेनं, म्हणजे एचव्हीओनं, बोस्नियाच्या सैन्याला सांगितलं की या प्रांतात आमच्या हुकमाखाली या. मुदत दिली १५ एप्रिलपर्यंत. १६ तारखेला शुक्रवार होता.

अहमिचीच्या अलीकडं नादिओत्सी म्हणून वस्ती लागते. गाइडनं वेग कमी केला आणि हातानं दाखवलं, इथं 'बंगलो' होता. युद्धाआधी ते रेस्टॉरंट होतं. लष्करी पोलिसांची 'जोकर' नावाची तुकडी तिथं मुक्कामाला होती आणि त्या पहाटे ती तिथूनच निघाली. बंगलो हा शब्द आपल्या बंगल्यावरूनच जगभर गेलाय. मघाच्या खेळात हा शब्द बसला असता. मी बोललो नाही.

गाडी खालच्या मशिदीजवळ लावली. गाव असं एकाजागी नाही. रस्त्यापासून टेकडीवर चढत गेलेली घरं, मधे आलुबुखाराची झाडं, कोंबड्या, एका अंगणात निळा ट्रॅम्पोलिन. एक बाई दोरीवर चादरी घालत होती, तिनं आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा चिमटे लावायला लागली. गावाचं नाव आडनावावरून पडलंय, आपल्याकडं शिंदेवाडी, मानेवाडी असते तसं. मशिदीजवळच्या दगडावर नावं आहेत, आणि तेच आडनाव खाली खाली येत राहतं. ११६ नावं. मी ओळी मोजल्या. सवय. आगारात चलनं मोजायचो तसं बोट न लावता, ओठातल्या ओठात. मधे एकदा चुकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लेकीनं फोटो काढले नाहीत.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला तोफांचा मारा सुरू झाला, आणि त्याच वेळी एचव्हीओच्या चार-पाच जणांच्या टोळ्या घराघरांत शिरल्या. काहींनी तोंडाला काळं फासलेलं, काहींनी बुरखे घातलेले. पुरुषांना दारातच गोळ्या घातल्या, घरांना आगी लावल्या. गाव तीन बाजूंनी घेरलेलं आणि दक्षिणेकडची शेताची बाजू तेवढी मोकळी ठेवलेली. लोक साहजिकच तिकडं पळाले, आणि तिथं नेमबाज बसवलेले होते. त्या एका शेतात वीसेक माणसं पडली. शेत अजून शेतच आहे, आम्ही गेलो तेव्हा गवत कापलेलं होतं. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या निकालात ३२ बायका आणि ११ मुलं नोंदवली आहेत, आणि तीन महिन्यांचं एक बाळ पाळण्यात मारलं गेलं. गावातल्या सुमारे दोनशे मुसलमान घरांपैकी एकशेऐंशीच्या आसपास जळाली. मशिदीच्या मनोऱ्याच्या बुंध्याला स्फोटकं लावून तो आडवा केला. तो जळालेल्या छपरावर कललेला मनोरा बऱ्याच जणांनी फोटोत बघितलेला असतो, गावाचं नाव मात्र लक्षात राहत नाही.

क्रोएटांच्या घरांना धक्का लागला नाही.

हे वाक्य मी व्हिएन्नात वाचलं होतं आणि पुढं गेलो होतो. तिथं उभं राहिल्यावर त्याचा अर्थ लागला. मी गाइडला विचारलं, यातली क्रोएटांची घरं कुठली? तो म्हणाला, "तुम्ही सांगा." मी बघितलं. सगळ्यांची छपरं लाल, सगळ्यांच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, सगळ्यांच्या भिंतीला लाकडाच्या ढलप्या रचलेल्या. दोन घरांच्या मधे कुंपणही नाही, एक पाटाएवढी वाट. मी एका जुन्या घराकडं बोट दाखवलं, अंदाजानं, की हे जळालेलं दिसत नाही. तो काही बोलला नाही. बरोबर की चूक तेही सांगितलं नाही.

माझ्या कामात मी हजार खेड्यांची नावं पाठ केली. एका खेड्यातल्या एका गल्लीत कुठलं घर कुणाचं, हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला दहा वर्षं जाऊनही कळत नाही. ते सांगायला गल्लीतलंच कुणीतरी लागतं. पहाटे साडेपाचला, अंधारात, धुरात, हे घर सोडायचं आणि ते जाळायचं, हे त्या बंगल्यातून आलेल्या माणसांना कुणी शिकवलं असेल? न्यायालयात पुढं आलंच की काही क्रोएट शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कानावर आलं होतं. मी तिथं किती वेळ उभा होतो माहीत नाही. मधे एक बस आली. गावच्या थांब्यावर दोन बायका चढल्या, हातात भाजीच्या पिशव्या, एकमेकींशी काहीतरी हसून बोलत. मी वेळापत्रक बघायला थांब्यापर्यंत गेलो, तिथं नव्हतं. नुसता पत्रा.

इथं गाइडबद्दल दोन शब्द. तो स्वतः कोण, हे त्यानं दिवसभर सांगितलं नाही, आणि पहिलं नाव असं होतं की त्यावरून काही कळू नये. मी लेकीला मराठीत म्हटलं, विचार की. ती म्हणाली, "पप्पा, नाही विचारायचं." बरोबर बोलली. पण ह्याच माणसानं काही प्रश्नांना जी उत्तरं दिली, ती कुठल्याच बाजूची नव्हती. उदाहरणार्थ, त्यानं आपणहून सांगितलं की त्याच दिवशी, १६ एप्रिललाच, कोनिट्सजवळच्या त्रुसिना गावात बोस्नियाच्या सैन्याच्या माणसांनी २२ क्रोएट मारले, बहुतेक साधी गावकरी माणसं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथल्याच वितेझजवळ क्रिझान्चेवो सेलोमध्ये पुन्हा क्रोएट मारले गेले. हे सांगताना त्यानं अहमिचीचा आकडा कमी केला नाही, की "दोन्हीकडून झालं" म्हणून हात झटकले नाहीत. आधी हे, मग ते, एवढंच.

कोर्टाचा भाग मात्र त्यानं फार भरभर उरकला, तक्रार नंबर एक. मी घरी वाचून गेलो होतो म्हणून समजलं, नाहीतर नावांचा नुसता गोंधळ. प्रवाशाला निदान एवढं सांगायला हवं : २२ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रिटिश तुकडीचे लेफ्टनंट कर्नल बॉब स्टुअर्ट गावात पोचले, त्यांच्याबरोबर टीव्हीचे कॅमेरे होते, आणि म्हणून जगाला कळलं. एचव्हीओनं आधी आपण केलंच नाही असं म्हटलं. हेगच्या न्यायाधिकरणानं इथल्या क्रोएटांचे राजकीय नेते दारिओ कोर्दिच यांना २५ वर्षांची शिक्षा दिली, ती अपिलातही टिकली. एचव्हीओचे सेनाधिकारी तिहोमिर ब्लाश्किच यांना २००० साली ४५ वर्षं दिली आणि २००४ ला अपिलात ९ केली, कारण क्रोएशियात दडवून ठेवलेली कागदपत्रं राष्ट्राध्यक्ष तुज्मान वारल्यावरच बाहेर आली आणि अहमिचीचा हुकूम त्यांचा असल्याचं टिकलं नाही. गावातलेच कुप्रेश्किच आडनावाचे तीन क्रोएट, दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ, आधी दोषी ठरले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये निर्दोष सुटले. दोन भावांवरचा खटला मुख्यतः त्या पहाटे जेमतेम १३ वर्षांच्या असलेल्या एका मुलीनं पटवलेल्या ओळखीवर उभा होता, आणि काळं फासलेले चेहरे, भीती, धूर यांत पटलेली ती ओळख अपिलाच्या न्यायाधीशांना पुरेशी वाटली नाही. जोकरांपैकी मिरोस्लाव्ह ब्रालो यांनी गुन्हा कबूल केला, त्यांना २० वर्षं झाली.

त्या १३ वर्षांच्या मुलीचं मला सारखं आठवत राहिलं. तिनं शेजारी ओळखले म्हणाली. कोर्ट म्हणालं, खात्री नाही. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या खात्यातसुद्धा प्रवाशाच्या एकट्या तक्रारीवर कंडक्टर निलंबित करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ती संध्याकाळी कुठं गेली असेल, त्या निकालाच्या दिवशी, एवढंच.

२०१० साली क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो योसिपोविच इथं आले आणि फुलं वाहिली. त्याच दिवशी ते क्रिझान्चेवो सेलोलाही गेले, एका बाजूला कॅथलिक कार्डिनल आणि दुसऱ्या बाजूला मुसलमानांचे मुख्य धर्मगुरू. आणि २०१४ ला कोर्दिच सुटून झाग्रेबला उतरले तर विमानतळावर स्वागताला गर्दी जमली होती. दोन्ही गोष्टी गाइडनं एकाच सुरात सांगितल्या, टोलचा दर सांगावा तशा.

तक्रार नंबर दोन, आणि ही मोठी. वेळापत्रकात अहमिचीला ४० मिनिटं आणि त्राव्निकला अडीच तास. असं वेळापत्रक माझ्यासमोर मंजुरीला आलं असतं तर परत पाठवलं असतं. त्या ४० मिनिटांत दगड, मशीद, वरच्या आळीपर्यंतची चढण आणि शेत, एवढं बसत नाही. शिवाय अहमिचीची माणसं जिथं पुरली ते जुन्या वितेझमधलं दफनस्थान यात नव्हतंच. मी हट्ट धरला म्हणून त्यानं पाच मिनिटं थांबवलं. दारावरची पाटी मी स्वतः वाचली : 'शेहिद्स्को मेझारये'. शहीद आणि मजार. लिपी त्यांची, शब्द मला लागला. पांढरे उभे दगड, सगळ्यांवर एकच तारीख. अजून सगळ्यांचे अवशेषही सापडलेले नाहीत. क्रिझान्चेवो सेलोला मात्र जायला "वेळ नाही" म्हणाला. नेलं असतं तर चाळीस युरो जादा दिले असते, आणि जाहिरातीत "दोन्ही बाजू समजून घ्या" असं छापलंय तर तेही दाखवायला हवं.

त्राव्निक छान आहे, त्यात वाद नाही. किल्ला, रंगीत मशीद, नोबेल मिळालेल्या इव्हो आंद्रिच यांचं जन्मगाव, आणि प्लावा वोदाचा झरा, इतका गार की बोट दहा सेकंद ठेवता येत नाही. झऱ्याकाठी टपऱ्यांवजा हॉटेलं आहेत, तिथं चेवापी खातात : बोटाएवढे खिम्याचे कबाब, भाजलेल्या सोमुन रोटीत, सोबत चिरलेला कांदा. तिखटाचं नाव नाही. लेकीनं पर्समधून आमची कांदा-लसूण चटणी काढली आणि गाइडनंही ती घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतली. व्लाशिचच्या डोंगरावरचं मेंढीचं पांढरं चीज मागवा, खारट असतं, रोटीबरोबर बरं लागतं. पण अहमिचीहून निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत कुणाच्या घशाखाली दहा कबाब उतरतील असं समजून ही सहल आखली असेल, तर आखणाऱ्याला एकदा प्रवाशाच्या सीटवर बसवायला पाहिजे. मी पाच खाल्ले आणि उरलेले बांधून घेतले. कॉफी मात्र दोन वेळा. तांब्याच्या छोट्या झेझ्वेत येते, साखरेचा खडा आधी कॉफीत बुडवून जिभेवर ठेवायचा, हे गाइडनं शिकवलं.

परतीला पाऊस आला. वायपर चांगले होते, अंतर राखून चालवली, एकदाही हॉर्न नाही. हॉटेलवर सहा वाजून दहा मिनिटांनी सोडलं, कागदावर सहा लिहिलं होतं, पावसात दहा मिनिटं माफ.

पाचपैकी साडेतीन. गाडीला आणि चालवण्याला पूर्ण, गाइडला पूर्ण, वेळापत्रकाला शून्य. जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच लिहून घ्या : त्राव्निक आधी, जेवण आधी, अहमिची परतीला, निदान दोन तास, जुनं वितेझ धरून. बायकांनी मशिदीसाठी ओढणी ठेवावी. स्वच्छतागृह लाश्वा फाट्याच्या पेट्रोल पंपावर उरकून घ्यावं, गावात नाही. आणि गाइडला घरं कुठली कुणाची असं विचारू नका, तो तुम्हालाच ओळखायला लावतो.